एप्रिलचा खड्डा

दाजी गेले.

आता हे वाक्य खोडा. मी ते लिहिलं नाही आणि तुम्ही ते वाचलं नाही. आमच्या रस्ता सुरक्षा कक्षाच्या नोंदीप्रमाणे वैजनाथ शिंगाडे, म्हणजे माझे दाजी, गंभीर जखमी आहेत. त्या साली होते, पुढच्या साली होते, आज इतक्या वर्षांनीही आहेत. सरकारी नोंद आहे. माझ्यासारख्या कंत्राटी माणसानं तिच्यावर शंका घेऊ नये.

"निवृत्ती, तुझे दाजी कसे आहेत?" टेकाळे साहेबांनी विचारलं.

मी कीबोर्डवरचा हात काढला. साहेबांनी माझ्या घरच्या कुणाची चौकशी करायची ही पहिलीच वेळ. करोनाचं दुसरं वर्ष चालू होतं, ऑफिसात आम्ही दोघंच होतो, आणि साहेबांच्या मास्कच्या वर दोन्ही डोळे इतके मायेनं भरून आले होते की मला आधी वाटलं, मलाच काहीतरी झालंय.

"बेशुद्ध आहेत साहेब. तालुक्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात व्हेंटिलेटर पाहिजे, पण सगळे करोनाला लागलेत."

"व्हरांड्यात?" साहेब उभेच राहिले. "माणूस व्हरांड्यात ठेवतात? मरेल की तो!"

आदल्या दिवशी पाडवा होता. ताईनं गुढी उभारली तर साखरेची गाठी विसरलेली. दाजी म्हणाले, आणतो की दोन मिनिटांत, आणि मोटरसायकलला किक मारली. वडजी फाट्यावर त्यांना अज्ञात वाहनानं उडवलं. आमच्या उपविभागात सगळ्यात जास्त अपघात करणारा इसम म्हणजे हा अज्ञात. दर महिन्याला त्याचं नाव असतंच, पण त्याचं लायसन अजून कुणी रद्द केलेलं नाही. रस्ता संचारबंदीनं ओस पडला होता. गर्दी असती तर अज्ञातही तीसनं आला असता. रिकामा होता म्हणून शंभरनं आला. गाठी दाजींच्या खिशात शाबूत निघाली.

माझं नाव निवृत्ती. पणजोबांचं ठेवलंय. सरकारी ऑफिसात कंत्राटावर असलेल्या पोराचं नाव निवृत्ती असावं, ह्यावरचे सगळे विनोद मी जॉईन झालो त्याच आठवड्यात संपले. दाजी तेवढे थांबले नाहीत. ते मला पेन्शन म्हणायचे. पाण्याच्या जारचा टेम्पो घेऊन ऑफिसखाली यायचे आणि तिथूनच ओरडायचे, "काय पेन्शन, जेवलास का?" खांद्यावर जार घेऊन वर चढायचे. जार ठेवला की माझ्या डोक्यावर टिचकी. भेंडी सोडली तर जगात त्यांना न आवडणारं काही नव्हतं.

माझं काम सोपं होतं. दोन पोलीस ठाण्यांकडून अपघात यायचे, ते मी कॉम्प्युटरात भरायचे. मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी. महिना संपला की त्याचा आलेख. तो जिल्ह्याला जायचा, जिल्ह्याचा राज्याला, राज्याचा दिल्लीला, आणि तिथं सगळ्या देशाचा एक मोठा आलेख व्हायचा. करोनाच्या पहिल्या एप्रिलात देशाचा आलेख दाणकन खाली आपटला होता. सगळेच घरात, तर रस्त्यावर मरणार कोण? आमच्या उपविभागात तर त्या महिन्यात मृत्यू शून्य. साहेबांनी त्या शून्याची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, देवाच्या फोटोशेजारी. मग दारं उघडली आणि आलेख परत चढायला लागला, देशाचाही आणि आमचाही. घरात बसून राहिलेली माणसं जणू राहिलेलं काम उरकायला बाहेर पडली.

आणि आता दुसरा एप्रिल आला होता.

"निवृत्ती," साहेब फोनची डायरी चाळता चाळता म्हणाले, "शून्यावरून एक म्हणजे किती टक्के वाढ?"

"येत नाही साहेब."

"तुला येत नाही?"

"कॉम्प्युटरलाही येत नाही. शून्यानं भागत नाही तो. टक्क्यांच्या चौकटीत चूक दाखवतो."

"म्हणजे बैठकीत, मोठ्या पडद्यावर, आपल्या नावापुढं 'चूक' येणार?"

"हो साहेब."

साहेबांनी काचेखालच्या शून्याकडं बघितलं. मग देवाकडं. मग फोन उचलला.

त्या दिवसांत आमदाराच्या मेव्हण्यालाही व्हेंटिलेटर मिळत नव्हता. माझ्या दाजींना संध्याकाळच्या आत मिळाला. साहेबांनी कुणाकुणाला फोन केले, कुणाला आठवणी करून दिल्या, कुणाला आवाज चढवला, एकाच्या तर पाया पडतो म्हणाले. शेवटी जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात खाट मिळाली. ॲम्ब्युलन्सही साहेबांनीच लावून दिली.

"देवमाणूस आहे रे तुझा साहेब," ताई म्हणाली. तिचं नाव सारिका. लग्नाला पाच वर्षं झालेली, घरात ती, दाजी आणि सासू. "त्यांना सांग, हे बरे झाले की दोघं पाया पडायला येऊ."

"सांगतो."

"असा हसू नको. तुला कशातही गंमत दिसते."

मी हसत नव्हतो. माझं तोंडच तसं आहे.

हॉस्पिटलात कुणाला आत सोडत नव्हते. फाटकावर वॉचमन, त्याच्यापुढं टेबल, टेबलावर डबे. डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची, तो आत पोचवतो म्हणायचा, संध्याकाळी रिकामा डबा परत. ताई रोज सकाळी करायची आणि मी बाईकवरून नेऊन द्यायचो. वरण, भात, दोन पोळ्या, भाजी. व्हेंटिलेटरवरचा माणूस पोळी कशी खाईल, हे तिनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. संध्याकाळी डबा घासून पुसून परत यायचा.

"आज सगळं संपवलं," ती डबा उघडून म्हणायची. "भाजी पण."

"भूक लागली असेल."

"उद्या जास्त देते."

साहेबांचा हॉस्पिटलला रोज सकाळी फोन जायचा. ऑफिसात आले की चहाच्या आधी. "टेकाळे बोलतोय. आमचा पेशंट कसा आहे? ... असू दे बेशुद्ध, पण आहे ना? ... औषधाला कमी पडू देऊ नका. खाट हलवायची नाही, मी वरपर्यंत बोललोय." फोन ठेवला की माझ्याकडं बघून अंगठा वर करायचे. सख्खा भाऊ आजारी असता तरी साहेबांनी एवढं केलं नसतं, असं त्यांचा सख्खा भाऊच एकदा फोनवर म्हणाला.

एप्रिल संपला. दाजी होते तसेच होते. महिन्याचा आलेख मी काढला, मृत्यू शून्य, आणि साहेबांना म्हणालो, "झालं साहेब. महिना पार पडला."

"कुठला पार पडला? अपघात एप्रिलचा आहे ना? मग माणूस जाईल तेव्हा जाईल, मोजायचा एप्रिलातच. आलेख मागं जाऊन दुरुस्त करावा लागतो."

"मग कधीपर्यंत?"

"तीस दिवस. अपघातापासून तीस दिवसांच्या आत गेला तर मृत. सगळ्या देशाला हाच नियम."

"आणि नंतर गेला तर?"

"नंतर गेला तर गंभीर जखमी."

"गेल्यावर पण?"

"गेल्यावर पण."

"किती दिवस जखमी?"

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की पोरगं हुशार आहे पण वाया गेलंय. "कायमचा रे. नोंद काय बरी होते का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पाडव्यापासून मोजलं. बोट एका गुरुवारवर थांबलं. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया, आमच्याकडं तिला आखिती म्हणतात. त्या दिवशी जे होतं ते अक्षय राहतं, कधी सरत नाही. गेलेल्या माणसांच्या नावानं त्याच दिवशी करा भरतात. करा म्हणजे मातीचं इवलंसं मडकं. त्यात वाळ्याचं गार पाणी, वर आंबा, आणि शेजारी आमरसाचा नैवेद्य. उन्हाळ्याचे दिवस, गेलेल्यांनाही तहान लागत असणार.

"एवढा गुरुवार काढला पाहिजे त्यानं," साहेब म्हणाले आणि त्यांनी खरोखर हात जोडले. मीही जोडले. एकाच देवाकडं, एकाच माणसासाठी, आम्ही दोघं एकच मागत होतो. फरक फक्त शुक्रवारपासून पडणार होता.

गुरुवार उजाडला. दाजी होते.

साहेब नवा शर्ट घालून आले, कारण त्या दुपारी ऑनलाइन आढावा बैठक होती. आल्या आल्या चहा मागवला. फोन लावला नाही. मी वाट बघितली. चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी लावला नाही. मग माझा फोन वाजला. हॉस्पिटलचे डॉक्टर होते.

"आज साहेबांचा फोन नाही आला?"

"येईल की. पेशंट कसा आहे?"

"आहे तसाच. खाली गेला नाही, वर आला नाही. पण बाहेर रांग लागली आहे हो. साहेब रोज सांगतात म्हणून आम्ही खाट धरून ठेवली. ते काय म्हणतात तेवढं विचारा."

मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, हॉस्पिटलला फोन राहिला."

"कशाला आता?" साहेब भांग पाडत होते. "तुझे दाजी धोक्याच्या बाहेर आहेत."

"डॉक्टर तसं म्हणत नाहीत."

"डॉक्टरांचं सोड. आपल्या धोक्याच्या बाहेर आहेत."

हे बोलून त्यांचा त्यांनाच कंगवा जड झाला. वाईट माणूस नव्हता हो. बायकोच्या माहेरच्या कुत्र्यासाठी रडलेला मी बघितलाय.

"साहेब, तुमच्या एका फोनवर खाट अडकली आहे. एवढा एक करा. परत नाही मागणार."

"करतो रे. बैठक होऊ दे."

"विसराल."

"निवृत्ती, मी शब्द दिला की देतो. करतो म्हणजे करतो."

बैठक झाली. सगळ्यांचे आलेख चढलेले, आमचा एप्रिल जमिनीला टेकलेला. वरच्या मॅडम म्हणाल्या, "सलग दुसऱ्या वर्षी शून्य, उल्लेखनीय." साहेबांनी माइक बंद असतानाच तीनदा धन्यवाद म्हटलं, मग चालू करून चौथ्यांदा. बैठक संपल्यावर फोन घेऊन गॅलरीत गेले. काचेतून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मान डुलत होती. बराच वेळ बोलले.

आत येऊन म्हणाले, "केला बघ. सविस्तर बोललो. झालं समाधान?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी प्रिंटरचा कागद बदलला.

संध्याकाळी ताईला म्हणालो, साहेबांनी फोन केलाय, काळजी नाही. तिनं आंबे काढले. "उद्या आखिती आहे. डब्यात आमरस देऊ? सोसेल त्यांना?"

"दे," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मी फाटकावर डबा ठेवला. वॉचमननं चिठ्ठीवरचं नाव वाचलं. डब्याकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी डबा उचलून माझ्या हातात परत दिला.

"हा घेत नाही," तो म्हणाला.

"का?"

"आत जाऊन डॉक्टरांना भेट भाऊ."

इतके दिवस आत सोडत नव्हता. त्यानं स्वतः फाटक उघडलं.

डॉक्टरांनी किट घातलेलं होतं, डोळे सोडून काही दिसत नव्हतं. "काल रात्री जनरल वॉर्डला हलवलं होतं. पहाटे..."

"का हलवलं? साहेबांचा फोन नव्हता आला?"

"आला ना. स्वतः बोलले. 'आपण आजवर केलेल्या सहकार्याबद्दल कार्यालय आपलं आभारी आहे' म्हणाले. आम्ही समजलो."

"काय समजलात?"

"अहो, सहकार्याबद्दल आभार मानले की विषय संपतो ना. तुम्ही सरकारी माणसं, तुमच्या पत्रात शेवटी तेच असतं. आणि तसंही..."

तसंहीच्या पुढं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.

सगळं उरकून तिसऱ्या प्रहरी मी ऑफिसात गेलो. कुठंतरी जायला पाहिजे होतं. साहेब मला बघून उठले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"अरेरे. फार वाईट झालं रे. कधी?"

"आज. पहाटे."

"पहाटे म्हणजे... रात्री बाराच्या नंतर ना?"

"हो साहेब."

"हं," साहेब म्हणाले आणि खाली बसले. "फार वाईट झालं."

त्यानंतर आलेख चढतच गेला. करोना गेला, रस्ते भरले, देशाचे आकडे दर महिन्याला करोनाच्या आधीच्या आकड्यांना ओलांडून पुढं जायला लागले. बैठका परत हॉलमध्ये व्हायला लागल्या. साहेब पडद्यावर लेझरचा लाल ठिपका फिरवतात. वर, खाली, वर, वर, आणि मग त्या एप्रिलपाशी येऊन रेघ सरळ जमिनीत घुसते. "हा बघा आपला आदर्श महिना," साहेब म्हणतात आणि ठिपका तिथं थांबतो. लोक रस्त्यातल्या खड्ड्यात पडतात. दाजी आलेखातल्या खड्ड्यात पडले. ते तिथं तळाशी उभे असतात, खांद्यावर पाण्याचा जार, तोंड वर करून. हॉलमध्ये शंभर माणसं बसलेली, एसीचा घों घों आवाज, आणि त्यातून मला स्पष्ट ऐकू येतं, "काय पेन्शन, जेवलास का?"

मी एकदा मोठ्यानं "हो" म्हणालो. मॅडमनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? साहेब म्हणाले, नाही मॅडम, तो कंत्राटी आहे.

पुढच्या वर्षीच्या आखितीला मी ताईकडं गेलो. सासूनं बाजारातून करा आणला होता. कोरा, लाल, तळहातावर मावेल एवढा. म्हातारी देवापुढं बसून वाळा सोडवत होती.

"सारिका, पाणी आण गं. ऊन व्हायच्या आत भरू. लेकरू वर्षाचं तहानलेलं हाय माझं."

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. "थांबा आत्याबाई," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "निव्या, तुझ्या कॉम्प्युटरात हे कुठं आहेत?"

"म्हणजे?"

"कुठल्या खान्यात? मेलेल्यांत आहेत का?"

खोटं बोलायला मला एक क्षण मिळाला होता. पण ती माझी बहीण आहे, माझं तोंड तिला वाचता येतं.

"नाहीत," मी म्हणालो. "गंभीर जखमीत आहेत."

म्हातारीचे हात थांबले. "म्हंजी?"

"म्हणजे सरकार म्हणतं, ते आहेत," ताई म्हणाली. "नगरपालिका म्हणते गेले. मोठं कोण, निव्या? नगरपालिका की दिल्ली?"

"दिल्ली."

"मग जित्या माणसाचा करा भरते का कुणी? पाप लागेल."

म्हातारी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. थट्टा चालली आहे का, हे तिला कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळेना. ताईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आमच्या घराण्यात तोंडं अशीच असतात.

"ताई, ते तीस दिवसांचं..."

"मला माहीत आहे. मला तेव्हापण सगळं माहीत होतं रे. नळीनं पेज जात होती त्यांना. फाटकापर्यंत येऊन गेले होते मी एकदा. वॉचमनच्या शर्टाची बटणं तुटायला आली होती, मी काय आंधळी आहे?"

"मग रोज डबा का करत होतीस?"

"डबा आत जातोय तोवर माणूस आत आहे," ती म्हणाली. मग फळीवरून तोच स्टीलचा डबा काढून तिनं देवापुढं, करवंटीएवढ्या त्या कोरड्या मडक्याशेजारी ठेवला. दोन्ही रिकामे. "कागद घे. तुझ्या साहेबांना लिही. मी सांगते, तू त्यांना कळेल अशा भाषेत कर."

"उत्तर येणार नाही, ताई."

"लिही."

मी लिहिलं. आवक शिक्का मीच मारला, कारण आवकलाही मीच आहे. अर्ज वर पाठवला, तिथून त्याच्याही वर गेला, अजून कुठंतरी वरच असेल. दर आखितीला ती एक स्मरणपत्र लिहायला लावते आणि दर आखितीला देवापुढं करा कोरडाच राहतो. मूळ अर्ज असा:

महोदय,

सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार हिचे पती वैजनाथ शिंगाडे हे आपल्या कार्यालयाच्या नोंदीनुसार गंभीर जखमी असून, सदर नोंद अद्याप कायम आहे. सबब ते सध्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात व कोणत्या खाटेवर आहेत, तसेच त्यांच्या प्रकृतीत काही सुधारणा आहे किंवा कसे, याबाबत अर्जदारास अवगत करण्यात यावे. सदर जखमी इसमास भेंडी चालत नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. दरवर्षी अक्षय तृतीयेस घरात पाणी भरून तयार असते. तरी त्या दिवशी त्यांच्या नावे करा भरावा की डबा, याबाबत आपल्या स्तरावरून लेखी मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.